पुढच्या गाडीतला भाचा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार मामांचे. आमच्या घरात मीच पहिला बी. ए. झालो, पण ती पदवी खरं म्हणजे मामांनी चिखली-बुलढाणा रस्त्यावर उतारूंची मोटार चालवून मिळवली. माझी फी, खानावळ, पुस्तकं, सगळं त्या मोटारीतून आलं. शेवटची परीक्षा देऊन मी अमरावतीहून घरी आलो, तर आता मामांचीच परीक्षा आहे असं कळलं. मला आनंदच झाला. थोडं तरी उतराई होता येईल असं वाटलं.

सरकारचा नवा नियम निघाला होता. मोटार चालवणाऱ्या प्रत्येकानं बुलढाण्याला साहेबापुढं रस्त्याच्या नियमांची तोंडी परीक्षा द्यायची. नापास झाला की लायसन नाही, आणि लायसन नाही तर मालक दुसरा माणूस ठेवणार. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी ते मन लावून वाचलं आणि ओसरीवर शिकवणी सुरू केली.

आमच्याकडे भाचा वयानं कितीही लहान असो, मामा त्याच्या पाया पडतो. मामा रोज आधी माझ्या पाया पडत आणि मग धडा घ्यायला बसत.

"मामा, अरुंद पुलावर समोरून मोटार आली. तुम्ही काय कराल?"

"कोनाची मोटार?"

"कोणाचीही."

"कोनाची तरी असन न बाप्पा! मालकाच्या साडभावाची असन तर मी काऊन थांबू? तोच मांगं घेते."

"पुस्तकात माणूस नाही, मामा. नुसती मोटार आहे."

"मंग चालवून कोन राह्यलं?"

मी पुस्तक पुन्हा चाळलं. चालवणाऱ्याचा पत्ता खरोखरच कुठं नव्हता. कितीतरी संध्याकाळी आम्ही त्या पुलावरच अडकून पडलो. शेवटी मला सुचलं.

"मामा, समोरच्या मोटारीत तुमचा भाचा आहे असं समजा."

मामा ताडकन उठले. "मंग इचारता काय! डाव्या अंगाले घेतो, थांबतो, उतरून पाया पडतो."

"उतरू नका. बाकी बरोबर."

त्या दिवसापासून सगळे नियम जागच्या जागी बसले. दिवे बारीक करायचे, कारण भाच्याच्या डोळ्यांवर उजेड मारू नये. मागच्या मोटारीला वाट द्यायची, कारण आत भाचा आहे.

कचेरीत मी भिंतीशी उभा होतो. मामा धडाधड उत्तरं देत होते, साहेब खूश दिसत होते. मग त्यांनी विचारलं, "पुढं बैलगाडी चालली आहे. तिला मागं कशी टाकाल?"

मामा जन्मभर बैलगाड्या मागं टाकत आले होते, म्हणून तो धडा आम्ही घेतलाच नव्हता.

"नाही टाकत, सायेब."

"का?"

"भाचा हाये न तिच्यात."

"कोणाचा?"

"माहाच."

साहेबांनी खिडकीतून रस्त्याकडं पाहून घेतलं. "मग कायम मागंच राहणार?"

"भाच्याच्या पुढं गाडी नाही घालनार. जबान देतो सरकारले."

साहेबांनी पुस्तक उलटंपालटं केलं. पुढं गेलंच पाहिजे असा नियम त्यात नव्हता. त्यांनी सही केली.

पुढं मला नागपुरात मास्तरकी मिळाली आणि इकडं कापसाचा हंगाम सुरू झाला. चिखलीच्या सरकी काढायच्या जिनाकडे बैलगाड्यांची रांग लागली आणि मामांची मोटार रांगेच्या शेवटी. उतारू कंटाळून उतरत आणि पायी आधी पोचत. मालकानं समजावलं, रागावला. मामांचं एकच, सरकारले जबान देली. अखेर आईचा निरोप आला, मालक दुसरा माणूस पाहतोय, तूच काहीतरी कर. मी त्याच दिवशी लिहिलं:

"ती. मामांस सा. न. वि. वि. हे पत्र उतारूंपैकी कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं. मी नागपुरास सुखरूप आहे. चिखलीच्या रस्त्यावरच्या कोणत्याही कापसाच्या गाडीत मी बसलेलो नाही. मी रोज शाळेत हजर असतो, अशी हेडमास्तरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. तरी आपण भोंगा वाजवून, उजव्या अंगानं खुशाल पुढं जावं. यात सरकारला दिलेला शब्द मोडत नाही. संक्रांतीला मी येईन तेव्हा आपल्याच मोटारीत बसेन, म्हणजे पुढच्या गाडीत कोण असेल ही शंका आपणांस राहणार नाही. कळावे. आपला भाचा."