आत्याचं आंबट झाड

माझ्या आत्याशी वाद घालून जिंकलेला माणूस सबंध कळमेश्वर तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. घरची संत्र्याची बाग, पण बाईंना गोड संत्र्याचं काडीचं कौतुक नाही. कळमन्याच्या बाजारात लोक फळाचा रंग बघतात. ही फोडून बिया बघते. माझ्या लग्नात तिनं चक्क आमच्या साहेबांच्या ताटातून थुंकलेल्या बिया उचलून रुमालात बांधल्या आणि वर त्यांनाच सुनावलं, "खाता येते, पेरता नाही येत?" साहेबांनी पुढे मला कधी जेवायला बोलावलं नाही.

तिचं म्हणणं एकच. "सारी बाग एकाच झाडाचे डोळे खुंटाले बांधून, कलमं करून केली. एकाले रोग आला का सगळ्याइले येते, गा!" म्हणून बियांपासून उगवलेलं एक झाड तिनं कोपऱ्यात राखलं होतं. त्याचं फळ इतकं आंबट, की खाणाऱ्याला मेलेले पूर्वज आठवावेत.

आणि खरंच बागेत डिंक्या आला. सालीतून डिंक गळून झाडं वाळू लागली. आंबट झाड तेवढं ताठ उभं. आतेभावानं सगळंच उपटून नवी लागवड करायचं ठरवलं आणि जेसीबी बोलावला. आत्या त्या झाडाखाली स्टूल टाकून बसली. "आधी मले उपट!" जेसीबीवाला चहा पिऊन परत गेला. तिची समजूत काढायला मला पाठवलं, तर संध्याकाळी मीच तिच्या शेजारी बसून शेंगदाणे खात होतो!

शेवटी आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीला घेऊन गेलो. ती प्रयोगशाळेत जनुकांवर काम करते. म्हणाली, "हे झाड डिंक्याला कसं पुरून उरतं ते याच्या जनुकांत शोधू. मग गोड संत्र्याच्या जनुकात तेवढाच बदल करून बघू."

"देवाच्या कामात कापाकापी?" आतेभाऊ म्हणाला.

"अन् डोळा बांधताना चाकू चालवतो, तेव्हा काय आरती करून राहिला असतो का रे?" आत्या कडाडली. आतेभावानं जेसीबीचा नाद सोडला. झाड वाचलं.

मुलगी पानं तोडून पिशवीत भरू लागली. आत्यानं विचारलं, "मंग ते गोड फळ कधी खायले भेटन?"

"जमलंच, तर दहा-बारा वर्षं लागतील, आजी."

आत्याला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. तिनं बोटांवर वर्षं मोजायला घेतली आणि मधेच मूठ मिटली. ते बघून मुलीचाही हात थांबला.

"मंग थांबली काहून वं?" आत्या खेकसली. "तोड ना पानं!"

मुलगी पानं तोडत राहिली. मला मात्र आत्याकडे बघवेना.