हार्डनर जरा जास्त

माझ्या सासऱ्यांनी उभी हयात कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यांसाठी लाकडी टेबलं बनवण्यात घालवली. सासूबाई गेल्यावर ते डिंडोलीला आमच्याकडे राहायला आले, ते रंध्यांची पेटी घेऊनच. मी बँकेतला माणूस, भिंतीत खिळा सरळ ठोकता येत नाही. ते मला जावईबापू म्हणत, मी त्यांना मामा.

माझी मुलगी शाळेत तिरंदाजी शिकत होती. शाळेचं धनुष्य तिच्या हाती आठवड्यातून एकदा येई. मामा म्हणाले, "मी करून देतो." बांबूच्या आणि सागाच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवायच्या, असं त्यांनी ठरवलं. दोन महिने ते गच्चीवर रंधा मारत बसले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून पट्टीची जाडी बोटांनी चाचपून पाहत.

प्रश्न चिकटवायचं कशाने, हा होता. "सरस पावसाळ्यात सुटेल," मामा म्हणाले. "पांढरा गोंद टेबलाला चालतो. पण हे सारखं वाकणार, तेही इथल्या उन्हात. तो सरकेल." शेवटी भेस्तानच्या एका दुकानातून आम्ही सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी आणलं. दुकानदाराने बजावून सांगितलं, दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर, वजनावर. अंदाजाने नाही.

"काट्यावरचे आकडे मला दिसत नाहीत," मामा म्हणाले. "तेवढं तुम्ही करा."

तो रविवार होता. खाली टीव्हीवर सामना चालू होता आणि माझा एक कान तिकडेच होता. हार्डनर ओतताना हात निसटला. जास्त पडलं, ते मला काट्यावर दिसलं. हिशोबाने थोडं रेझिन वाढवायचं, की संपलं असतं. पण रेझिनचा डबा बंद करून झाला होता. शिवाय वाटलं, हार्डनर जास्त म्हणजे लवकर आणि जास्तच घट्ट होईल.

"बरोबर आहे ना?" मामांनी विचारलं.

"बरोबर."

त्यांनी प्रत्येक पट्टीला ते मिश्रण मन लावून फासलं, पट्ट्या साच्यावर बसवल्या, क्लॅम्प आवळले. दुसऱ्या दिवशी कडेला आलेल्या थेंबात नख रुतलं. "थंडी आहे," ते म्हणाले, "घाई नको." त्यांनी आठ दिवस वाट पाहिली. रोज उन्हाबरोबर साचा सरकवत राहिले.

मग दोरी लावून ते धनुष्य थोडं थोडं ओढू लागले. मुलगी शेजारीच उभी होती. चौथ्या की पाचव्या खेपेला चर्र असा आवाज झाला. लाकूड मोडलं नव्हतं. मुठीपासून टोकापर्यंत पट्ट्या सुट्या झाल्या होत्या, आणि इपॉक्सी रबरासारखं सोलून निघत होतं.

मामांनी त्यावरून बोट फिरवलं. "पट्ट्या सपाट नव्हत्या," ते म्हणाले. मग स्वतःशीच, अहिराणीत, "मना हात ग्या आते." माझा हात गेला आता, असं.

मुलगी म्हणाली, "आजोबा, असू दे ना."

मी म्हणालो, "हवेमुळे झालं असेल."

पुढच्या आठवड्यात त्यांनी रंधे भेस्तानच्या एका ओळखीच्या सुताराला देऊन टाकले. पेटी रिक्षापर्यंत मीच उचलून नेली. जड होती. तेव्हाही बोलता आलं असतं.

वर्षभराने मामांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. ते सकाळी पेपर वाचू लागले, अगदी बारीक जाहिरातीसुद्धा. एकदा चहा घेताना मी सगळं सांगून टाकलं. मन हलकं होईल असं वाटलं होतं.

त्यांनी पेपर खाली ठेवला. "तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं, तेव्हा बरोबर म्हणालात."

"हो, मामा."

"वर्षभर मी या हातांना शिव्या देतोय, जावईबापू." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी भेस्तानला गेलो. सुताराने बाकीचे रंधे विकून टाकले होते, एक तेवढा उरला होता. तो घेऊन आलो आणि मामांपुढे ठेवला. त्यांनी हातही लावला नाही. "राहू द्या तुमच्याकडेच," म्हणाले, आणि पेपर पुन्हा उघडला.

ते आजही आमच्याकडेच राहतात. माझ्याशी नीट बोलतात, जेवताना भाजी पुढे सरकवतात. मला मात्र ते आता काही विचारत नाहीत.