दुखण्याचा वारंगुळा

निजामाचं राज्य गेलं, तरी तुळजापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात त्याचे शब्द ठाण मांडून बसले होते. त्यातल्याच एका शब्दानं माझा घात केला असता.

आमचे हे गावात मास्तर. एकदा वरून कागद आला. दर वर्षी घरटी थोडं भरायचं आणि आजाऱ्याला मोठ्या दवाखान्यात फुकट उपचार, अशी विमा योजना आणायची का, लोकांचं मत कळवा. मी लगेच देवापुढं साखर ठेवली. मुतखड्यानं मला वर्षभर पिळून काढलं होतं आणि ह्यांना त्याचा पत्ता नव्हता. सांगितलं असतं, तर घाबरून तेच आधी आडवे झाले असते. ऑपरेशन आमच्या ऐपतीबाहेरचं. गाव 'हो' म्हणालं तरच माझी सुटका होती.

आता ह्यांनी दवंडी द्यायला सांगताना सरळ 'विमा' म्हणावं की नाही? पण लोकांना कळावं म्हणून 'बीमा' म्हणाले. कोतवालाला बीमा ठाऊक नव्हता, बीमार ठाऊक होता. त्यानं हलगी वाजवून सांगितलं, "सरकार समद्यांला बीमार करणार हाय, मारुतीपुढं या."

बायकांसकट सगळं गाव तावातावानं जमलं. पाटील ह्यांच्या हातातल्या सरकारी कागदाकडं बघून म्हणाले, "निजामाच्या राजात बीमार पडायला अर्जी लागत न्हवती."

ह्यांनी घसा फोडून फरक समजावला. तोवर शेजारच्या काकू उठल्या. "आन् म्या सालभर ठणठणीत ऱ्हायले तर?"

"तर चांगलंच की."

"म्हंजी म्या भरायचं, आन् जावंनं आजारी पडायचं व्हय?"

निम्म्या बायकांना आपापल्या जावा आठवल्या आणि सभा तिथंच बुडाली. ह्यांनी कागदाची घडी घातली. मला इतका राग आला की मी पदर खोचून उभीच राहिले.

"पेरणीला तुमचा बैल त्यांच्या वावरात जातो, मग त्यांचा तुमच्या वावरात येतो. तसाच हा वारंगुळा, फक्त दुखण्याचा."

हे मात्र सगळ्यांना पटलं. पाटलांनी मान डोलावली. "मग पैलं वावर कुणाचं? सध्या बीमार कोण हाय?"

माझा हात वर गेला. हात दुसऱ्या कुणाचा असेल म्हणून ह्यांनी माझ्या मागं वाकून पाहिलं.

अंगठे उठवलेला कागद वर गेला तो गेलाच, योजना काही आली नाही. पण गावाच्या मते वारंगुळा ठरला होता. घराघरातून ज्वारी जमली, ती बाजारात गेली, आणि मला पाटलांच्या बैलगाडीतून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं.

टाके ओले असतानाच काकू भेटायला आल्या. माझ्या खाटेवर बसून बराच वेळ स्वतःचा पाय चोळत राहिल्या, मग म्हणाल्या, "मास्तरीणबाई, लौकर बऱ्या व्हा. तुमच्यामागं माझ्या गुडघ्याचा नंबर हाय."

हसावं तर टाके ओढत होते, म्हणून मी नुसती रडले.