उस्मानची आडवी सायकल

२०२३ साल. मला चौसष्ट पुरी झाली होती. दुपारी वर्कशॉपमध्ये पाइपाला ग्राइंडर लावला होता, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. उस्मानच्या खोलीत राहणारा शकूर होता. “दत्तूकाका, उस्मानचाचांना गेटवर चक्कर आली. पिकअपमध्ये टाकून हॉस्पिटलात नेलं... गेले हो ते.” मी फोन खिशात ठेवला आणि उरलेला पाइप घासून पुरा केला. दुसरं काय करणार होतो? माणूस गेला ह्याचं वाईट मागाहून वाटलं. आधी वाटलं ते हे, की त्याला शेवटी पिकअपमध्ये टाकूनच नेलं.

तो दापोलीकडच्या खाडीवरचा, मी गुहागरचा. सौदीतल्या रास तनुराच्या रस्त्यावरच्या ह्या वर्कशॉपात दोघं एकाच सुमाराला लागलो. तो पाइप फिटर, मी वेल्डर. शाळा दोघांनीही लवकर सोडलेली, आणि पुढच्याचं ऐकायचं नाही ही सवय दोघांनाही. त्यानं पाइप धरायचा, मी टाका मारायचा, आणि दिवसभर एकमेकांना शिव्या घालायच्या, अशी आमची दोस्ती. मग तो स्कॅफोल्डिंगवरून पडला. जीव वाचला, पण कमरेचा मणका गेला. सरळ बसवत नव्हतं, फार चालवत नव्हतं, बसची पायरी चढवत नव्हती. कंपनीनं त्याला गेट उघडायच्या कामावर बसवलं, म्हणजे मेहेरबानीच म्हणायची. पण आम्ही राहायचो त्या कॅम्पपासून गेटपर्यंत पोचायचं कसं? पहिल्या दिवशी पोरांनी त्याला पिकअपच्या मागे गादीवर आडवा घातला आणि नेला. संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, “दत्त्या, मी काय गॅसचा सिलिंडर आहे? माझा मी गेटवर पोचलो तर राहीन. नाहीतर व्हिसावर एक्झिट लावून घेतो, कायमचा घरी, खलास.” घरी त्याचं कोण होतं? बायको गेलेली, मुलगी सासरी. जाऊन स्वतःच्याच घराचं कुलूप उघडायचं आणि खाटेवर पडून राहायचं. ते त्याला मरणाहून वाईट वाटे.

सायकल मी सुचवली. सीटवर बसवत नाही तर पाठ टेकून चालवायची. भंगारातून एक जुनी सायकल काढली, मधून कापली, पायडल पुढे नेलं, मोडक्या गाडीची सीट आडवी करून बसवली. पाय जमिनीला पोचावेत म्हणून पुढे लहान मुलांच्या सायकलीचं चाक लावलं. दिसायला झकास. उस्मान बसला, दोन पायडलं मारली, आणि पुढचं चाक असं थरथरायला लागलं की तो सरळ वाळूत. उठताना मलाच म्हणतो, “वेल्डिंग वाकडं आहे तुझं!”

वेल्डिंग वाकडं नव्हतं. चाक लहान लागल्यानं सायकल पुढून खाली बसली आणि हँडलची नळी फार उभी झाली. त्या नळीची रेघ जमिनीपर्यंत ओढली तर चाक जिथे टेकतं त्याच्या पुढे पडायला हवी. मग चाक रेघेच्या मागून येतं, ट्रॉलीचं फिरतं चाक येतं तसं, आणि आपोआप सरळ राहतं. इथे ते अंतरच उरलं नव्हतं. पण उस्मान पडला फिटर. टेकू जेवढा लांब तेवढा पाइप स्थिर, हे त्याच्या हातात मुरलेलं. मी जेवायला गेलो तेवढ्यात त्यानं पुढचं चाक धरणारा चिमटा तापवून आणखी पुढे वाकवला. होतं नव्हतं ते अंतरही गेलं. पुन्हा वाळूत.

मग मी चिमटा सरळ केला, नळी कापली आणि चांगली मागे कलवून जोडली. आता सायकल अशी धावली की हात सोडला तरी हलेना. मी म्हटलं, “बघ!” तो गेटपाशी गेला, वेग कमी करून वळायला लागला, आणि हँडलनं मान टाकली. चाक एकदम आत पडलं, त्याच्याबरोबर तोही. कमरेला हात लावून तसाच बसून राहिला. मला वाटलं आता रडेल. म्हणाला, “मेल्या, मला काय रेस लावायचीय? मला इथे हळू वळायचंय. तुझी सायकल हायवेची, मी गेटवाला.”

खोटं नव्हतं ते. पण माझी रेघही खोटी नव्हती. असे सुट्टीचे किती शुक्रवार गेले देव जाणे. तो म्हणे नळी उभी कर, मी म्हणे आडवी. टाका मारायचा, तोडायचा, पुन्हा मारायचा. शेवटी कुठेतरी मध्ये जमलं, पळताना थोडी थरथरे, वळताना थोडी पडे, पण चाले. पक्कं वेल्डिंग मारताना तो म्हणाला, “माझ्याकडे जरा जास्त झुकलीय.” मी म्हटलं, “तुझ्याकडे काहीही झुकलेलं नाही.” त्या दिवसापासून तो स्वतः गेटवर जायला लागला. पाठ टेकून, पाय पुढे, डोक्याला रुमाल, मालक येतो तसा. पिकअपवाले हॉर्न मारत, “चाचा, सो गए क्या?” हा एक हात उचलून सलाम करी, की सायकल डुले, की दोन्ही हात झटकन हँडलवर... ते बघून मी रोज हसायचो.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरच्या अस्रच्या नमाजानंतर त्याला दफन केलं. मी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उन्हात उभा राहिलो. आत जाऊ देतात की नाही हे विचारलंही नाही. इतकी वर्षं त्याच्याबरोबर वाद घातला आणि शेवटी भिंतीपलीकडून फावड्यांचा आवाज ऐकायची वेळ आली. शकूर बाहेर आला, हाताची माती झटकून कंपनीच्या बसमध्ये बसला. परतताना बसमध्ये एक जागा रिकामी होती. उस्मान असता तरी रिकामीच राहिली असती, त्याला ती पायरी चढवत नव्हती. तरी माझी नजर तिथेच जात होती.

सायकल गेटवरच राहिली होती. दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती आणायला गेलो. पिकअपवाला थांबला, मागचं फळकूट खाली पाडून म्हणाला, “काका, पीछे डाल दो, छोड़ देता हूँ.” मी म्हटलं, नको. आजवर मी तिच्यावर कधी बसलो नव्हतो. उस्मान बुटका, पायडल त्याच्या मापाचं, माझे गुडघे हँडलवर आपटायला लागले. तशीच चालवत कॅम्पवर आणली. नळाखाली धुतली, सावलीत उभी केली, आणि ड्यूटीवर गेलो.