कानाच्या गाद्या शिवणारी इन्शिराह

इम्बाबा वस्तीतल्या त्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली दिवसातून दहादा खाली जायची. एकदा पावासाठी, दोनदा भाजीसाठी, आणि उरलेल्या वेळी हेडफोनसाठी. गल्लीतले गाणीवाले इन्शिराहला मुलीच्या नावाने, नेस्माची आई म्हणून, खालून हाक मारायचे, "उम्म नेस्मा, टोपली सोडा," आणि आपला हेडफोन टोपलीत ठेवून कॉफीच्या दुकानात जाऊन बसायचे. वर इन्शिराह हेडफोनच्या कानावरच्या फाटक्या गाद्या उतरवायची, नव्या शिवायची. तिचं खरं काम नाचणाऱ्या बायकांच्या पोशाखांना मणी टाकायचं. पण मण्यांनी पोट भरलं, नाव झालं ते गाद्यांनी.

हे खूळ घरात आणलं नवऱ्याने. शौकीचा स्टुडिओ खाली तळमजल्यावर. स्टुडिओ म्हणायचं आपलं, पूर्वी तिथे कोळसा ठेवायचे. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेले, मधे एक खुर्ची, आणि खुर्चीत शौकी, पोटावर हात ठेवून, डोळे मिटून. तो वरातीची गाणी जुळवायचा. त्या भागात प्रत्येक नवरीला स्वतःचं वरातीचं गाणं लागतं, आणि त्यात तिचं नाव, नवऱ्याचं नाव, झाडून सगळ्या मामा-काकांची नावं यावी लागतात. एखादा मामा राहिला की तो जेवत नाही. गाणं तयार झालं की आधी गल्लीतल्या शिहाताच्या टुकटुकमध्ये, म्हणजे रिक्षात, लावून गल्लीला एक फेरी मारायची. टुकटुकमध्ये चांगलं वाजलं म्हणजे कुठेही चांगलं वाजणार.

आता या सगळ्या स्टुडिओवाल्यांकडे हेडफोन एकाच जातीचा, स्वस्तातला, बाजारातून आणलेला. आणि त्याचा आवाज कसा, यावर वीस वर्षं भांडण. पलीकडच्या गल्लीतला लमई म्हणायचा, वरचे सूर कानात सुईसारखे टोचतात. दुसरा म्हणायचा, छे, खालचा ठोका पिंपात बसून ऐकल्यासारखा घुमतो. सगळ्यात ठाम मत शिहाता टुकटुकवाल्याचं, ज्याने तो हेडफोन जन्मात डोक्याला लावला नव्हता. शेवटचा शब्द मात्र शौकीचा. तो चहाचा ग्लास खाली ठेवायचा आणि सांगायचा, आणि सगळे गप्प.

इन्शिराहला कोणी विचारलंच, तर ती म्हणायची, मला सगळं सारखंच ऐकू येतं. पण बाई भारी चावट. एकदा दोघे जण आपापला हेडफोन घेऊन आले, एकाचा टोचत होता, एकाचा घुमत होता. हिने दोघांना एकाच मखमलीच्या, एकाच स्पंजच्या गाद्या शिवून दिल्या. दोघांनीही दुसऱ्या दिवशी टोपलीतून बस्बूसा, रव्याच्या गोड वड्या, पाठवला, आता अगदी मनासारखं झालं म्हणून. ती आठवडाभर एकटीच हसत होती.

रमझान संपला आणि शौकी स्वतःच गाद्या घेऊन वर आला. आवाज बंद वाटतोय म्हणाला, जाड चादर टाकल्यासारखा. तिने मखमल काढून पातळ चामडं लावलं. तरी बंदच. चामड्याला बारीक भोकं पाडली. बंदच. स्पंज अर्धा केला, इतका की हेडफोनची कडा कानाला रुतायला लागली. तिने त्याला चिडवलंसुद्धा, तुझ्या कानांपेक्षा नाचणारणींच्या कमरा बऱ्या, त्या एकदा माप दिलं की बदलत नाहीत. तो हसला नाही. नेस्माचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिच्या वरातीचं गाणं तो स्वतः करत होता.

आणि एका दुपारी लमई टोपली न मागता तीन जिने चढून वर आला. टोपली असताना जिना चढणारा माणूस चांगली बातमी आणत नाही.

तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि चहा न पिता बोलला. दीड वर्षापासून शौकीची गाणी लोक गुपचूप त्याच्याकडे घेऊन येत होते. झांजांच्या डफाचा आवाज इतका वर चढवलेला असायचा की टुकटुकमधले लोक कानांवर हात ठेवायचे. लमई तो उतरवून द्यायचा, आणि नाव शौकीचंच राहायचं. शिहाताला माहीत होतं. गल्लीलाही. नेस्माचं गाणं थेट हॉलमध्ये गेलं तर दोनशे माणसांसमोर शोभा होईल, म्हणून तो आला होता. इन्शिराहने गाणं एक दिवस आधी आणून दिलं की झालं, उस्ता शौकीला कळणारही नाही.

"आणि रोज त्याच्याबरोबर बसून हेडफोनला नावं ठेवता," ती म्हणाली. "लाज नाही वाटली?"

"त्या हेडफोनबद्दल कुणी काहीही म्हटलं तरी खपतं, उम्म नेस्मा," लमई म्हणाला. "तो म्हणतो बंद, आम्ही म्हणतो असेल. कानांचं नाव कोण काढणार? तुम्ही काढाल?"

तिला आधी खात्री करून घ्यायची होती. शौकीने चौथ्यांदा दिलेल्या गाद्या तिने टेबलावर तशाच ठेवल्या, सुईसुद्धा लावली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात दिल्या. त्याने हेडफोन चढवला, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, "अल्ला तुझ्या हातांना बरकत देवो. आता उघडला बघ आवाज."

ती स्वयंपाकघरात गेली आणि मुलूखियाच्या भाजीची पानं चिरत बसली. इतकी चिरली की पाटावर नुसतं हिरवं पाणी उरलं. लमई म्हणतो तसंच करायचं, तिने ठरवलं. लग्न नीट पार पडेल, शौकीचं नाव राहील, आणि जे काय ते आपल्या छातीत राहील.

म्हणून ती चहा घेऊन खाली गेली, गाणं कुठे ठेवतो ते बघायला. शौकीच्या कानाला हेडफोन नव्हता. तो खरा डफ हातात धरून एकदा उजव्या कानाशी हलवत होता, एकदा डाव्या. झांजा छमछम वाजत होत्या. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

त्याने तिला पाहिलं आणि डफ मांडीवर ठेवला.

"गाद्यांना तू हात लावलाच नव्हतास," तो म्हणाला. "डाव्या गादीचा धागा परवापासून लोंबतोय तसाच आहे."

"मग उघडला म्हणून कशाला सांगितलंस?"

"तुझी बोटं बघ. चाळणी झालीये."

ती जमिनीवरच बसली. कधीपासून, विचारलं. तो म्हणाला, कळलं ते नेस्माच्या साखरपुड्यात. अंगठी घातली आणि सगळ्या बायका तोंडं उघडून जिभा हलवायला लागल्या, आनंदाच्या किलकाऱ्या देतात तशा. "पण आवाजच नाही. मला वाटलं, या आज लाजतायत की काय. मग तुझ्याकडे पाहिलं. तू लाजणाऱ्यातली नाहीस."

तिला हसू आलं आणि तेवढ्यात रडूही आलं.

"लमई जिना चढून गेला ना?" त्याने विचारलं. "तो माझी गाणी नीट करतो?"

तिने चहा त्याच्यासमोर ठेवला.

"चांगली करतो?"

तिने होय म्हणून मान हलवली. तो डफाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग उठला आणि हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. ती म्हणाली, अरे मला काय कळतंय, मला सगळं सारखंच. तो म्हणाला, तेच बरं, तुझं मत नाहीये अजून. कानाला टोचलं की बोट वर कर, मी आवाज खाली आणीन. बरं वाटलं की बोट खाली.

वीस वर्षं दुसऱ्यांच्या कानांच्या गाद्या शिवल्या, पण त्यांच्या आत गाणं कसं असतं ते तिने त्या दुपारी ऐकलं. ढोल पोटात वाजत होता. गाणारा नेस्माचं नाव घेत होता, आणि त्या नावाच्या मागे, अगदी हळू, शौकीने एक बासरी ठेवली होती. ही बासरी लोकांना कधी ऐकू येईल का, तिला कळेना. मग डफ आला आणि खरंच सुई टोचल्यासारखं झालं. तिने बोट वर केलं. त्याने खटका खाली ओढला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. अजून वर. अजून खाली. तीन दुपारी ती दोघं तिथे होती. सगळ्या मामांची नावं आली, एकही राहिला नाही. लमईकडे गाणं गेलं नाही.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये ते वाजलं. नेस्मा बापाचा हात धरून आत आली, बायकांनी किलकाऱ्या दिल्या, आणि शौकीने त्यांच्या तोंडांकडे बघून बरोबर त्या वेळी टाळ्या वाजवल्या. कुणालाही काही दिसलं नाही. इन्शिराहला दिसलं.

मग पुरुषांच्या टेबलावर व्हायचं तेच झालं. शिहाता म्हणाला, डफ जरा दबलाय. दुसरा म्हणाला, दबला कसला, अजून टोचतोय, ते हेडफोनच तसले. लमईने गाण्याकडे कान दिला होता आणि तो शौकीकडे बघायचं टाळत होता. शेवटी सवयीने सगळे शौकीकडे वळले. इन्शिराह शेजारच्या टेबलावर सरबताचा ग्लास धरून थांबली. आवाज बंद वाटतोय, एवढंच त्याने म्हणावं. काहीतरी खोटंनाटं बोलावं, भांडावं, हेडफोनला चार शिव्या द्याव्यात. उद्या सकाळी ती पुन्हा सुई-दोरा घेऊन बसली असती, पाचव्यांदा, दहाव्यांदा.

"तुम्हाला वाटतं तसंच असेल," शौकी म्हणाला, आणि सरबताचा जग लमईकडे सरकवला.