एक्स्चेंज वेळेआधी सुरू झालं

पन्नासच्या दशकात मी घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टायपिस्ट होतो. तोवर आमच्याकडे फोन उचलला की ऑपरेटर बाई "नंबर?" असं विचारायची आणि समोरच्या बोर्डात वायर खोचून जोडून द्यायची. आता शेजारच्या नव्या हॉलमध्ये ऑटोमॅटिक यंत्रं बसली होती. लोकांनी तबकडी फिरवायची आणि आपला नंबर आपणच लावायचा. जुनं बंद करून नवं सुरू करण्याचा मुहूर्त ठरला: रविवार, सकाळी अकरा.

या एका क्षणासाठी आमच्या इंजिनियरसाहेबांनी बासष्ट पानांची योजना लिहिली. साहेब विलायतेला शिकून आलेले. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी कोणाला काय सांगायचं, पाहुण्यांना हार कोणत्या बाजूने घालायचा, सगळं मिनिटवार. साहेब सुधारणा करत राहिले आणि मी ती योजना चार वेळा टाइप केली. चौथ्या वेळी फक्त हार डावीकडून उजवीकडे गेला होता.

अकरा वाजता पाहुणे हॉलसमोरच्या पंडालात बटन दाबणार, की हॉलमध्ये इशाऱ्याची घंटा वाजणार. प्रत्यक्ष काम मात्र एकाच माणसाचं होतं. नव्या यंत्रात प्रत्येक लाइनीपाशी लाकडाची छोटी पाचर खोचली होती. पाचरा दोऱ्यांनी बांधलेल्या. दोऱ्या ओढल्या की सगळ्या लाइनी एकदम नव्या यंत्राला जोडल्या जाणार आणि त्याच वेळी जुन्या बोर्डाच्या केबली कापायच्या. ही जबाबदारी आमच्या मिस्त्रींची. ते मालवणकडचे, वय पन्नाशीचं. योजनेची प्रत घेऊन ते माझ्या टेबलाशी आले.

"माका इंग्रजी येत नाय," ते म्हणाले. "ह्येच्यात माजा काम खंयचा, ता लिवन दी."

मी बासष्ट पानांतून त्यांचं तेवढं वेचून अर्ध्या पानावर मराठीत लिहून दिलं. 'घंटा वाजली की दोऱ्या ओढा, केबली कापा.' साहेबांच्या एकतिसाव्या कलमात सव्वादहाला घंटेची चाचणी घ्यायची असं होतं. ते काम पंडालवाल्या इलेक्ट्रिशियनचं, मिस्त्रींचा त्याच्याशी काय संबंध, म्हणून मी ते गाळलं. थोडक्यात लिहिता येतं याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

रविवारी सव्वादहाला घंटा वाजली. पंडालात खुर्च्या मांडणं चालू होतं, कोणी वर बघितलंही नाही. दोन मिनिटांनी आमच्या सिनियर ऑपरेटर बाई पंडालात आल्या. वीस वर्षं बोर्डावर काढलेली बाई, कधी घाई करत नसे.

"साहेब, बोर्ड मेला," त्या म्हणाल्या. "एकही दिवा लागत नाही."

साहेब नव्या हॉलकडे धावले, मागून मी. मिस्त्री पाचरांच्या ढिगाऱ्यात उभे होते, घाम पुसत. यंत्रं खटखट करत चालली होती. खरं तर अगदी झकास चालली होती.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" साहेब ओरडले.

"घंटा वाजली, दोरये वडले," मिस्त्री म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या खिशात माझा कागद होता. त्यांनी तो काढला नाही.

साहेबांनी योजना उघडली. उशीर झाला तर काय, यंत्र बंद पडलं तर काय, पाऊस आला तर काय, सगळ्याची सोय होती. काम वेळेआधी फत्ते झालं तर काय करायचं, याला कलम नव्हतं. केबली कापलेल्या, म्हणजे मागेही जाता येईना.

तेवढ्यात स्टेशनजवळचा एक धान्याचा व्यापारी तावातावाने आला. "तुमची बाई कुठे गेली? फोन नुसता गुरगुरतो!"

"शेठ, तो डायलटोन आहे. नंबर फिरवा, लागेल," साहेब म्हणाले.

"आत्ता कसा फिरवू? तुमच्याच पत्रकात अकरा वाजल्यापासून लिहिलंय!" आणि तो खरंच पंडालात बसून राहिला. आमची योजना मनापासून पाळणारा तो एकटाच.

साहेब मिस्त्रींकडे वळले. "मिस्त्री, पाचरा दोरीसकट परत लटकवा. लाइनीत घालू नका, नुसत्या दिसू द्या."

पाहुणे सव्वाअकराला आले. उजवीकडून हार घातला. त्यांनी बटन दाबलं, घंटा वाजली, मिस्त्रींनी गंभीर चेहऱ्याने दोऱ्या ओढल्या. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी तबकडी फिरवली, पलीकडे घंटी वाजली, पुन्हा टाळ्या. बोर्डावरच्या बायका भिंतीशी उभ्या होत्या. सिनियर बाईही टाळ्या वाजवत होत्या. तासभर बोर्ड मेलेला, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

सोमवारी साहेबांनी मला टाइप करायला अहवाल सांगितला. 'संपूर्ण कार्य योजनेनुसार पार पडले.' माझी बोटं थांबली.

"खोटं काय आहे त्यात?" साहेब म्हणाले. "झालं ना?"

मी टाइप केलं. एकतिसाव्या कलमाचं मात्र सांगायला तोंड उघडलं नाही. मिस्त्रींनाही कोणी काही विचारलं नाही. अहवाल वर इतका पसंत पडला की मुलुंडच्या एक्स्चेंजसाठी तीच योजना नमुना म्हणून गेली आणि तिच्यासोबत, मराठी सूचना मुद्देसूद लिहिणारा माणूस म्हणून, मीही गेलो.

निघताना मिस्त्रींना चहा पाजला आणि माझी चूक कबूल केली. ते म्हणाले, "अरे, ता माका त्याच दिवशी कळला. पण काम तर झाला मां?"