नेव्हियाची हिरवळ आणि रानडुकरं

नेव्हिया हट्टी बाई, हे तिच्या वैऱ्यानेही कबूल केलं असतं. इस्त्रिया नावाच्या द्वीपकल्पात, टेकडीवरच्या एका गावात एकटीच राहायची. सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. घरापुढची हिरवळ मात्र अशी राखलेली की अनवाणी चालावंसं वाटावं. आणि ऑक्टोबरात रानडुकरांनी ती हिरवळ नांगरल्यासारखी उलथी केली. एकदा नाही, तीनदा.

लेक लोरेदानाने फोनवर सांगूनच टाकलं, "आई, आता पुरे. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी बाबांच्या थडग्यावर फुलं ठेवायला येईन. तेव्हाही अंगण असंच दिसलं, तर घर विकायचं आणि तू माझ्याकडे रिएकाला यायचं."

"दिसलं तर ना? मग बघच," म्हणत नेव्हियाने फोन ठेवला.

आता तिला उसंत कुठली? न्हाव्याकडून कापलेले केस आणले, जुन्या मोज्यांत भरून कुंपणाला टांगले. माणसाच्या वासाने डुक्कर बिचकतं म्हणे. वर विजेची तार ओढली. शेजारचा शिकारी बेर्तो कठड्याला टेकून मजा बघत होता.

"नेव्हियाबाई, मोजे कसले टांगता? टेबलच मांडा की. पाहुणे रोजचेच आहेत."

"एवढी बंदूक मिरवतोस, आणि एक डुक्कर तुझ्या हाती लागत नाही. गप बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तार तुटलेली, द्राक्षाच्या मांडवाखालची हिरवळ पुन्हा उकरलेली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसून ती डुकरांची घाण फावड्याने उचलायला वाकली आणि थबकली. घाणीत द्राक्षाच्या बिया होत्या. द्राक्षं तर सप्टेंबरातच उतरवलेली. मग ह्या कुठून आल्या?

तिने कपाळावर हात मारला. वाइनसाठी द्राक्षं पिळली की उरलेला चोथा नवरा दर साली मांडवाच्या मुळाशी पुरायचा, वेलीला खत म्हणून. इथे सगळेच पुरतात. यंदा तिनेही पुरला होता. डुकरांना जेवण वाढून ठेवलं, आणि ही बया वर मोजे टांगत बसली.

"चोथा तर आम्हीही पुरतो," बेर्तो म्हणाला.

"मग पूर. मी काढणार."

चार दिवस ती खणत होती. कंबर धरली, तळहाताला फोड आले. चोथा उपसून पिंपांत भरला, घट्ट झाकणं लावली, खड्ड्यात चुना टाकला. गवताची उलटलेली ढेकळं एकेक करून जागेवर बसवली, पायाने दाबली. नवऱ्याची रीत मोडताना जिवाला लागत होतं, तरी हात थांबला नाही. पुढच्या आठवड्यात डुकरं आली ती थेट बेर्तोच्या बागेत. तिने त्याला एका शब्दानेही डिवचलं नाही, आणि असं वागायला मोठं मन लागतं.

सर्व संतांच्या दिवशी लोरेदाना आली. ठिगळं लावलेली का होईना, हिरवळ सपाट होती. लेक तिच्यावरून दोनदा चालली, मग पायरीवर बसून रडायलाच लागली.

"आता काय झालं? जिंकले ना मी?"

"डुकरांचं नव्हतंच गं, आई. घर विकायचं म्हटलं ना, त्याच्या आदल्या आठवड्यात सहा वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. वाटलं, बाबा पडले तशीच तूही अंगणात पडली असशील, आणि कुणाला कळलंही नसेल."

इतके दिवस नेव्हिया भलत्याशीच झगडत होती. लेकीशेजारी बसून तिने तिचा हात आपल्या खरखरीत हातात घेतला.

"घर मी सोडणार नाही, लोरे," ती म्हणाली. "पण आजपासून फोन खिशात. तुझा आला की फावडं खाली ठेवीन."